नकाशाच्या तळाशी तो ठिपका कसला?

आमचा हिंदी महासागराचा वॉल मॅप घेतलात, मनापासून थँक्यू. नकाशा भिंतीवर लागला की हमखास एक प्रश्न येतो, खाली 53 अंश दक्षिणेला एवढ्याशा ठिपक्याजवळ "बिग बेन" पण लिहिलंय आणि "मॉसन पीक" पण, छपाईची चूक आहे का? नाहीये, आणि नीट सांगावंसं वाटतं म्हणून हा कागद सोबत टाकतोय.

ते आहे हर्ड बेट, ऑस्ट्रेलियाचं. बिग बेन म्हणजे अख्खा डोंगर, बेटाचा बहुतेक भाग त्याचाच, वर सगळं बर्फ आणि आत जिवंत ज्वालामुखी. त्याचं सगळ्यात उंच टोक ते मॉसन पीक, 2,745 मीटर. हरिश्चंद्रगड आणि तारामती आठवा, गड वेगळा, शिखराचं नाव वेगळं, अगदी तसंच. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच डोंगर, माउंट कोझियुस्को, 2,228 मीटरचा, म्हणजे त्याच्यापेक्षा हे 500 मीटरने जास्तच!

नावांचं म्हणाल तर, बेटाला नाव मिळालं कॅप्टन जॉन हर्डचं, बोस्टनहून मेलबर्नला निघालेल्या "ओरिएंटल" जहाजावरून त्याला 1853 च्या नोव्हेंबरमध्ये ते दिसलं. शिखराला नाव डग्लस मॉसनचं, हा भूगर्भशास्त्रज्ञ 1929 मध्ये अंटार्क्टिक मोहीम घेऊन या बेटावर उतरला होता, शिखर मात्र त्याने चढलं नव्हतं. वर माणूस पोचला थेट 1965 मध्ये, वॉरिक डीकॉक आणि चार साथीदार, आणि त्यांना "पाटनेला" बोटीतून तिथवर नेणारा कप्तान कोण, तर 1936 मध्ये नंदादेवी सर करणारा बिल टिलमन! ट्रेकर मंडळींनो, हे वाचून आम्हाला जेवढा आनंद झाला तेवढाच तुम्हाला होईल याची खात्री आहे.

आता नकाशासमोर उभे राहा, लोणावळ्यावर बोट ठेवा आणि सरळ खाली या, मालदीवचं माले लागेल, मग डाव्या हाताला चागोस, मग नुसतं पाणीच पाणी, आणि जवळपास 8,000 किलोमीटरवर थेट हर्ड बेट. रेखांश तोच, साधारण साडेत्र्याहत्तर पूर्व. मुलांना हे नक्की करून दाखवा.

आणि हो, फ्रेमवाले खालची पट्टी जास्तीची समजून कापतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की कापू नका, बेट त्याच पट्टीत आहे.