सावलीची भरपाई: पुण्याच्या तापत्या रस्त्यांची पार्श्वभूमी

माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांवर वड लावल्याचे सम्राट अशोकाने स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. पुण्यातून बाहेर पडणाऱ्या जुन्या रस्त्यांकडेचे वडही त्याच जातकुळीचे. रस्त्यांवरची झाडे आणि सावली जाण्याचा आजचा प्रश्न मात्र गेल्या वीसेक वर्षांतला आहे.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीची, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बसची, प्रायोगिक सेवा सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली. दरम्यान शहरभर रस्ते रुंद होत राहिले, डांबराच्या जागी काँक्रीट आले. सार्वजनिक वाहतूक वाढायलाच हवी होती. पण बसपर्यंत चालत जाणाऱ्याच्या डोक्यावरचे छत्र त्याच कामांत गेले, हे नाकारता येत नाही. नवे डांबर अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ९५ टक्के ऊन शोषते. काँक्रीट फिकट असल्याने कमी शोषते, तरी दिवसभर साठवलेली धग रात्री बाहेर टाकतेच.

खरा गुंता ‘भरपाई’ या शब्दात आहे. राज्याचा शहरी वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा. झाड तोडायला परवानगी घ्या आणि बदल्यात झाड लावा, ही त्याची मूळ चौकट. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाड ‘हेरिटेज’ ठरले. तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी रोपे लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षे जपायची. दोनशे किंवा त्याहून अधिक झाडांचा प्रश्न असेल, तर प्रस्ताव राज्य पातळीवर पाठवायचा, अशी अटही तेव्हा होती. कागदावर ही दुरुस्ती कडक आहे आणि तिचे स्वागत झाले ते योग्यच होते.

पण मोजले जाते ते वय आणि संख्या, सावली नाही. साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षाबदल्यात साठ रोपे एखाद्या टेकडीवर लागली, तर हिशेब पुरा होतो. थांब्यावर उभ्या बाईच्या डोक्यावर मात्र त्यातले एकही पान येत नाही. पुनर्रोपणाचेही तसेच: उचलून नेण्यासाठी आधी फांद्या छाटाव्या लागतात, म्हणजे झाड जगले तरी छत्र पहिल्याच दिवशी जाते.

जी झाडे जागेवर राहिली, त्यांच्या बुंध्यापर्यंत पदपथाचे काँक्रीट भिडले. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी करायला लावली. पुण्यात आजही कित्येक बुंध्यांना ब्लॉकच्या फटीतून मुरेल तेवढेच पाणी मिळते.