दातांच्या स्कॅनमधील कवटीतळाच्या आनुषंगिक नोंदी

दातांसाठी काढलेल्या सीबीसीटी स्कॅनमध्ये, ज्यासाठी स्कॅन काढला ते सोडून, कवटीच्या तळाच्या हाडांत किंवा त्यांच्या लगत काही वेगळे दिसले तर त्याला आनुषंगिक नोंद म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात 'इन्सिडेंटल फाइंडिंग'. बहुतेकदा ती हाडाची जन्मजात ठेवण निघते. क्वचित मात्र रुग्णाला पत्ताही नसलेल्या आजाराची ती पहिली खूण असते. दोन्हींतला फरक ओळखण्याआधी ती कोणाच्या तरी नजरेला पडावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

सीबीसीटीत क्ष-किरणांचा शंकूसारखा झोत डोक्याभोवती फिरतो आणि संगणक त्यातून त्रिमितीय चित्र बांधतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये हे तंत्र दातांसाठी वापरात आले. मराठवाड्यात अक्कलदाढ, इम्प्लांट किंवा जबड्याचा सांधा यासाठी तालुक्याचे दंतवैद्य रुग्णाला सहसा मोठ्या शहरातल्या स्कॅन सेंटरवर पाठवतात. नथ, कुडी, मंगळसूत्र काढून रुमालात बांधायचे, हनुवटी टेकवायची, मशीन फिरेपर्यंत गिळायचे नाही. दहा-वीस सेकंदांत काम होते.

स्कॅनमध्ये काय येणार हे चित्रक्षेत्रावर, म्हणजे चित्रात केवढा भाग घेतला यावर ठरते. एका दाढेसाठी ५ × ५ सेंटीमीटरचा स्कॅन काढला तर कवटीचा तळ त्यात येतच नाही. दोन्ही जबडे आणि सांधे घ्यायचे म्हटले की कानाचे हाड, स्फेनॉइड सायनस (नाकामागच्या हाडातली हवेची पोकळी) आणि मानेचे वरचे मणकेही ओघाने येतात. दंतवैद्याच्या हाती पडते ती बहुधा फिल्म, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेले दाढेचे चार-सहा छेद. बाकीचा सगळा डेटा सीडीत, आणि सीडी कपाटात. युरोपातील दंत-रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या अकादमीने २००९ मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार दात-जबड्यापलीकडे जाणाऱ्या अशा स्कॅनचा अहवाल खास प्रशिक्षित दंत-रेडिओलॉजिस्टने किंवा रेडिओलॉजिस्टने द्यायला हवा. आपल्याकडे 'रिपोर्ट नको, नुसती फिल्म द्या' असे म्हणून वाचवलेले पैसे म्हणजे हेच वाचन टाळणे होय.

कवटीतळाच्या मधोमध स्फेनॉइड हे हाड आहे. मराठीत ते जतुकास्थी; जतुक म्हणजे वटवाघूळ, आणि पंख पसरलेला त्याचा आकार पाहिला की नाव पटते. त्यावर पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी बसते ती खोलगट जागा शरीरशास्त्रात 'तुर्की खोगीर' म्हणून ओळखली जाते. खोगिराच्या मागून मानेकडे उतरणारा हाडाचा उतार म्हणजे क्लायव्हस. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. दात सरळ करायला आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या स्कॅनमध्ये या उतारावर आडवी काळी रेघ दिसते. ती फ्रॅक्चर नसते. दोन हाडांमधला वाढीचा सांधा असतो आणि पौगंडावस्थेत तो भरून येतो. काही मोठ्या माणसांत क्लायव्हसच्या खालच्या बाजूला गुळगुळीत कडांची खाच आढळते. तिला फॉसा नॅव्हिक्युलॅरिस म्हणतात आणि जवळपास नेहमीच ती निरुपद्रवी असते. स्फेनॉइडमध्ये हवेची पोकळी तयार होता होता अर्धवट थांबली, तर तिथे हाडातला चरबीयुक्त मगज (मॅरो) राहतो आणि चित्रात तो भाग गाठीसारखा वाटतो. चरबी, द्रव आणि गाठ यांच्यातला फरक सीबीसीटीला नीट दाखवता येत नाही, म्हणून अशा वेळी एमआरआय सांगावा लागतो.

मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतला चुन्याचा ठिपका प्रौढांत नेहमीचा. खोगिराच्या टोकांमधले बंध कडक होणेही तसेच. पण खोगिराच्या दोन्ही अंगांना, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड रोहिणीच्या वळणावर, रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्या रोहिणीच्या भिंतीत साठलेल्या चुन्याच्या असतात. अशा रुग्णाला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला फिजिशियनकडे पाठवतात. कानाखालून निघणारे स्टायलॉइड हे हाडाचे अणकुचीदार टोक ३ सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर ते वाढलेले समजतात. गिळताना किंवा मान वळवताना दुखत नसेल तर त्याला हात लावत नाहीत.

काळजीची लक्षणे वेगळी असतात. हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसते, मज्जातंतूचे छिद्र एकाच बाजूला रुंदावलेले असते, किंवा बाकीचे सायनस मोकळे असताना एकटा स्फेनॉइड भरलेला असतो. क्लायव्हसमध्ये क्वचित कॉर्डोमा हा हळूहळू वाढणारा अर्बुद (ट्यूमर) होतो. त्याची पहिली तक्रार एकाच्या दोन वस्तू दिसण्याची असू शकते. स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाचा कर्करोगही या हाडांत उतरू शकतो.

या भागाकडे पाहायची सवय मराठवाड्यातल्या दंतवैद्यांना २०२१ ने लावली असे म्हणायला हरकत नाही. कोविडनंतर साखर वाढलेले, स्टेरॉइड घेतलेले रुग्ण वरचे दात हलतात म्हणून आधी दंतवैद्याच्या खुर्चीत येत. तो म्युकरमायकोसिस, लोकांच्या बोलण्यातली काळी बुरशी. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. वरच्या जबड्यामागे स्फेनॉइडचे जे पंख खाली उतरतात तिथले हाड खाल्लेले दिसले, की बुरशी कवटीच्या तळाकडे निघाल्याची शंका घ्यावी लागते. मात्र हा आजार आधी मऊ भागांत पसरतो, त्यामुळे सीबीसीटीत हाड शाबूत दिसले तरी तो नाही असे ठरत नाही. वेळ गमावणे जिवावर बेतते.

नोंद रुग्णाला सांगायची कशी, हाही या विषयाचाच भाग. 'दाताला गेलो आन् डोक्यात निघालं' अशी समजूत घरभर पसरायला एक अर्धवट वाक्य पुरते. त्यामुळे नोंद निरुपद्रवी असेल तर 'ही जन्मजात ठेवण आहे' एवढे सरळ लिहून द्यावे आणि एमआरआयची टूम काढू नये. संशय असेल तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी आणि सोबत पूर्ण सीडी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे 'घाटी'त, आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण येतात. तिथे व्हॉट्सअॅपवरची चार चित्रे दाखवून काही ठरत नाही.

धड निरुपद्रवी नाही, धड संशयास्पद नाही अशा मधल्या प्रकारच्या नोंदींना 'सहा महिन्यांनी पुन्हा पाहू' असे सांगतात. बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड मजुराला दसऱ्याच्या सुमारास हे सांगितले तर सहा महिने तो कारखान्याच्या पट्ट्यात असतो. पुढचा स्कॅन दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच मशीनवर निघतो आणि जागा वाढली की तशीच आहे हे जुन्या चित्राशी ताडल्याशिवाय कळत नाही. म्हणून जाणते दंतवैद्य सीडीवर तारीख आणि 'स्फेनॉइड बघणे' असे मार्करने लिहितात आणि ती रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगतात. ती पिशवी टोळीबरोबर जातेच.