उमेदवार शोधायची रीत: सेवायोजन कार्डापासून बूलियन स्ट्रिंगपर्यंत

१८५४ च्या जुलैत पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. इमारती, धरणं, कालवे, रेल्वे आणि पूल बांधायला सरकारला कनिष्ठ अधिकारी हवे होते. याच वर्गातून पुढे आजचं सीओईपी उभं राहिलं. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या कॉर्कला गणित शिकवणाऱ्या जॉर्ज बूल यांचा विचारांच्या नियमांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडलेली विधानं बीजगणितासारखी मांडून सोडवता येतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. तेव्हा या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. आज हिंजवडी, बाणेर किंवा खराडीतला रिक्रूटर सकाळी पहिली सर्च स्ट्रिंग, म्हणजे शोधायचे शब्द आणि चिन्हं यांची ओळ, टाइप करतो, तेव्हा बूलच्याच रीतीनं तो बऱ्याचदा पुण्यात शिकलेला इंजिनिअर शोधत असतो.

या शोधाची साधनं गेल्या तीसेक वर्षांत अनेकदा बदलली. प्रत्येक बदलागणिक कोण चटकन सापडतं आणि कोण नजरेआड राहतं, हेही बदलत गेलं. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सोर्सिंग, म्हणजे उमेदवार शोधण्याचं काम, शिकवताना नेमका तोच सांगितला जात नाही.

इंटरनेटच्या आधीही उमेदवारांचा ‘डेटाबेस’ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळे झालेल्यांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये सरकारी रोजगार सेवा सुरू झाली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्यानं सरकारी आस्थापनांबरोबर २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. नाव नोंदवलं की उमेदवाराचं कार्ड होई आणि त्यावर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातला सांकेतिक क्रमांक पडे. कंपनीनं फिटर मागितला की त्या क्रमांकाची कार्डं काढायची, शिक्षण आणि नोंदणीची ज्येष्ठता पाहायची, नावं पाठवायची. आजच्या रेझ्युमे डेटाबेसचा सांगाडा हाच आहे. त्याची मर्यादाही तेव्हाच दिसली होती: जे कौशल्य क्रमांकात बसत नाही, ते शोधणाऱ्याला दिसत नाही. शिवाय कायद्यानं जागा कळवायची सक्ती केली, तिथूनच माणूस घ्यायची केली नाही. त्यामुळे खासगी भरती हळूहळू वर्तमानपत्रांकडे आणि ओळखीपाळखीकडे गेली.

पुण्यात त्या काळी छोट्या जाहिराती, पोस्टानं येणारे बायोडेटा आणि प्लेसमेंट कन्सल्टंटच्या कपाटातल्या फायली असा सगळा कारभार होता. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना तो पुरला. सॉफ्टवेअरला पुरला नाही. सीडॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था १९८८ मध्ये आली, १९९० मध्ये पर्सिस्टंटसारखी सॉफ्टवेअर कंपनी इथंच सुरू झाली आणि सरकारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या सुरुवातीच्या केंद्रांतही पुणे होतं. आता मागणी नुसत्या ‘इंजिनिअर’ची उरली नाही, अमुक डेटाबेस, तमुक ऑपरेटिंग सिस्टिम येणारा माणूस हवा असायचा, आणि तोही प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आत.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन सुरू झालं. तोवर ग्रंथालयातले तज्ज्ञ पैसे मोजून वापरत तशी नेमकी शोधभाषा त्यानं फुकटात कुणाच्याही हाती दिली. दोन शब्द दहा शब्दांच्या अंतरात हवेत, अमुक शब्द पानाच्या शीर्षकातच हवा, फक्त अमुक सर्व्हरवरचीच पानं हवीत, असं सगळं सांगता येई. त्या काळी बरेच प्रोग्रॅमर आपला रेझ्युमे स्वतःच्या होमपेजवर ठेवत. अमेरिकेतल्या भरती प्रशिक्षकांनी हे हेरलं आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सोर्सिंगच्या युक्त्यांना नावं पडली. एखाद्या साइटचं मुखपृष्ठ ओलांडून तिची आतली पानं सर्च इंजिनकडून काढून घ्यायची, हा ‘एक्स-रे’. एखाद्या पानाकडे कोणकोणती पानं दुवा देतात ते पाहून माणसांपर्यंत पोचायचं, हा ‘फ्लिप’. पुढे अल्टाव्हिस्टा मागे पडलं, २०१३ मध्ये बंदच झालं. एक्स-रे मात्र गूगलवर आजही चालतो.

लिंक्डइननं सगळं बदललं असं सर्रास म्हटलं जातं. भारतापुरतं बोलायचं तर मला ते पटत नाही. इथला मोठा बदल नोकरी डॉट कॉमनं घडवला. या साइटचे संस्थापक संजीव बिखचंदानी यांनी नोकरीत असताना पाहिलं होतं की ऑफिसात व्यापारविषयक मासिक आलं की सहकारी ते मागून उघडतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती शेवटच्या पानांवर असतात. नोकरी शोधत नसलेला माणूसही नोकरीच्या जाहिराती वाचतो, हे त्यातून कळलं आणि १९९७ मध्ये ती साइट उभी राहिली. पण रिक्रूटरचं काम बदललं ते जाहिरातींमुळे नव्हे, तर रेसडेक्स या रेझ्युमे डेटाबेसमुळे. वर्षाचं शुल्क भरा, अनुभव, पगार, शहर, नोटीस पिरियड यांचे फिल्टर लावा आणि थेट फोन करा. मोठ्या कंपनीला जे उमेदवार दिसतात तेच कर्वे रोडवरच्या दोन खोल्यांतल्या कन्सल्टन्सीलाही दिसू लागले. याचा तोटाही लगेच समोर आला: एकाच जागेसाठी एकाच उमेदवाराला एकाच दुपारी चार कन्सल्टंटचे फोन. उमेदवारही शिकले. प्रोफाइल नुकतं अपडेट केलं असेल तर ते यादीत वर येतं हे कळल्यावर रोज सकाळी एखादं वाक्य बदलून सेव्ह करायचं, हा सल्ला पुण्याच्या पीजींमध्ये फ्रेशरपासून सात वर्षं अनुभवी माणसापर्यंत सगळे एकमेकांना देतात.

लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते २६.२ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. त्यानं आणलेली नवी गोष्ट म्हणजे नोकरी न शोधणारा माणूसही दिसू लागला. प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ते गिटहब आणि एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात ते स्टॅक ओव्हरफ्लो, दोन्ही २००८ चे. तिथं माणसानं स्वतःविषयी काय लिहिलंय यापेक्षा त्यानं काय करून ठेवलंय ते पाहता येतं.

आता एक स्ट्रिंग जवळून पाहू. चाकणच्या कंपनीला गाडीच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनिअर हवा आहे. गूगलमध्ये साधारण असं टाइप करायचं, अर्थात रोमन लिपीत:

साइट:लिंक्डइन.कॉम/इन ऑटोसार (पुणे ऑर पूना ऑर चिंचवड) -ट्रेनर -जॉब्ज

पहिला तुकडा शोध लिंक्डइनच्या वैयक्तिक प्रोफाइलांपुरता बांधतो. ऑटोसार हे २००३ मध्ये वाहन कंपन्या आणि त्यांच्या पुरवठादारांनी एकत्र येऊन सुरू केलेलं गाडीतल्या सॉफ्टवेअरचं मानक. नाव बनवलेलं असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या संदर्भात ते फारसं येत नाही, म्हणून निकाल स्वच्छ मिळतात. ‘जावा’सारखी सर्रास वापरातली प्रोग्रॅमिंग भाषा टाकली असती तर निकालांचा पूर आला असता. ‘ऑर’ कॅपिटल अक्षरांतच हवं, नाहीतर गूगल तो साधा शब्द धरतं. वजाचं चिन्ह शब्दाला चिकटूनच हवं. ‘ट्रेनर किंवा जॉब्ज यांपैकी काहीच नको’ म्हणजे ‘ट्रेनर नको आणि जॉब्जही नको’, म्हणून प्रत्येकाला वेगळा वजा. हा नियम मांडणारे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये मदुराईत जन्मले होते, हे जाता जाता.

खरी गोम ‘पूना’ या शब्दात आहे. तो काढला तर जुन्या स्पेलिंगनं लिहिणारे सुटतात. ठेवला तर जुन्या पुणे विद्यापीठाची पदवी त्या नावानं लिहिणारे सगळे येतात, मग ते आज बंगळुरूत असोत वा म्युनिकमध्ये. शब्द पानावर आहे एवढंच सर्च इंजिन जाणतं. तो पत्ता आहे की पदवी, हे ते सांगत नाही. हिंजवडीचं स्पेलिंगही लोक दोन-तीन तऱ्हांनी करतात. त्यामुळे एकच लांबलचक स्ट्रिंग रचण्यापेक्षा तीन-चार आखूड स्ट्रिंग चालवून निकाल एकत्र करणं जास्त फळतं. गूगल तसंही ३२ शब्दांपुढचं वाचत नाही.

ही भाषा कायमची नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. अधिकचं चिन्ह लावून शब्द सक्तीचा करण्याची सोय गूगलनं २०११ मध्ये काढली, समानार्थी शब्दांसाठीचं नागमोडी चिन्ह २०१३ मध्ये गेलं. पाठ केलेल्या स्ट्रिंगा जुन्या होतात. त्यांमागचा तर्क समजलेला रिक्रूटर नवी रचतो.

गेल्या काही वर्षांत शब्द जुळवण्याऐवजी अर्थ जुळवणारी साधनं आली. नोकरीचं वर्णन चिकटवा, उमेदवारांची क्रमवारी तयार. सोय मोठी आहे, पण क्रम असा का लागला हे विचारता येत नाही. अॅमेझॉननं असं एक अंतर्गत साधन बनवलं होतं. बहुतांश पुरुषांच्या जुन्या अर्जांवर शिकल्यामुळे ते बायकांच्या रेझ्युमेला कमी गुण देत होतं आणि कंपनीनं ते सोडून दिलं, हे २०१८ मध्ये उघड झालं. बूलियन स्ट्रिंगमधला पक्षपात निदान डोळ्यांसमोर टाइप केलेला असतो.

उघड्या प्रोफाइलांवर हक्क कुणाचा, हा वाद अमेरिकेत अशा प्रोफाइलांची माहिती गोळा करणारी हायक्यू ही कंपनी आणि लिंक्डइन यांच्यात २०१७ ते २०२२ चालला. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. व्यक्तीनं स्वतः सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. पण एका जागेसाठी मेलवर आलेला रेझ्युमे उमेदवाराला न विचारता दुसऱ्या क्लायंटकडे सरकवणं या सवलतीत बसत नाही, आणि पुण्यातल्या कित्येक कन्सल्टन्सींची ती अजून रोजची सवय आहे. ती मोडायलाच हवी.

या सगळ्या साधनांना एकच माणूस दिसतो: स्वतःविषयी इंग्रजीत लिहून ठेवलेला. भोसरीतला बारा वर्षं सीएनसी हे संगणक-नियंत्रित यंत्र चालवणारा ऑपरेटर, मुलं लहान असताना नोकरी सोडून पाच वर्षांनी परतू पाहणारी सॉफ्टवेअर टेस्टर, कंत्राटदाराच्या मस्टरवरच ज्याचं सगळं आयुष्य नोंदलं गेलंय असा वेल्डर. यांचं काम खरं आहे, पण त्याचं पान नाही. मोबाइलवर फोन नंबरानं नोंदणी होणारी अपना वगैरे अॅप २०१९ नंतर पसरली, राष्ट्रीय करिअर सेवेचं सरकारी पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयम् आहे. तिथं आयटीआयचा ट्रेड भरलेला असतो. पण शोधणारा जर कंपनीच्या जेडीतलं, म्हणजे नोकरीच्या वर्णनातलं, ‘मॅन्युफॅक्चरिंग असोसिएट’ जसंच्या तसं टाकत राहिला तर त्याला रिकामी यादीच मिळणार. शॉपफ्लोअरवर माणूस स्वतःला फिटर, टर्नर, व्हीएमसी ऑपरेटर, सेटर म्हणतो. टेस्टरच्या बाबतीत ‘सध्या नोकरीत’ हा फिल्टर काढावा लागतो आणि ‘सहा महिन्यांत सक्रिय’ हाही. हे दोन टिक काढायला अर्धा मिनिट लागतो. शॉपफ्लोअरचे शब्द गोळा करायला मात्र लाइनवर जाऊन सुपरवायझरशी बोलावं लागतं, आणि ते काम जेडी हातात पडल्याच्या दिवशीच करायचं असतं.