‘सा. न. वि. वि.’पासून ‘जे वन’पर्यंत

मोबाइलमुळे पोरांची मराठी बिघडली, ही तक्रार सुरू झाली ती एसेमेसच्या काळात. टंकायचं रोमन लिपीत, तेही अक्षरं वाचवून. त्यामुळे इंग्रजी ‘जे’पुढे एकचा आकडा टाकला की ‘जेवण’ तयार. ‘जे वन झालं का?’ हा प्रश्न पुढे इतका बोकाळला की त्याची टिंगल होऊ लागली आणि टिंगल करता करता सगळेच तो विचारू लागले. थोरामोठ्यांना यात निव्वळ आळस दिसला. पण त्यांच्याच पत्रांची सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ने व्हायची आणि शेवट ‘ता. क.’ने. लग्नपत्रिकेतली ‘चि. सौ. कां.’ तर अजून हटलेली नाही. अक्षरं वाचवायची खोड मराठीला मोबाइलने लावलेली नाही.

नव्या शब्दांवरून भांडायची खोडही तशी जुनीच. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. सेनापती टिकला. पेशवे मात्र लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले, अगदी थेट १८१८ पर्यंत आणि त्यानंतरही. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम हाती घेतली. त्यांचे महापौर, दिनांक, चित्रपट, दिग्दर्शक आज कुणाला घडवलेले शब्द वाटतही नाहीत. ‘दूरध्वनी’ मात्र अर्जातल्या रकान्यापुरता उरला. त्या चळवळीतले दुसरे मोठे नाव कवी माधव जूलियन. फारसी-मराठी कोश रचणारा हा माणूस पुढे भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला, ही गंमत मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

या वादांत एक गोष्ट समान होती. शब्द घडवणारे दरबारी, पंडित, साहित्यिक, आणि १९६० नंतर भाषा संचालनालय. बाकीच्यांनी वापरायचं किंवा हसायचं. इंटरनेटवर ही उतरंड मोडली.

सुरुवात झाली ती मराठी संकेतस्थळांवर. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ सुरू केली, पुढे ‘मनोगत’ आणि ‘मिसळपाव’ आली. इथे शुद्धतेचा आग्रह होताच. ‘मनोगत’वर शुद्धलेखन तपासायची सोयसुद्धा होती. लिंकला दुवा, डेटाला विदा म्हणायचं की नाही यावर पानंच्या पानं खर्ची पडली. पण त्याच लोकांनी वाद घालता घालता आपली एक चोरबोली तयार केली. खासगीत निरोप पाठवायचा तो ‘व्यनि’, म्हणजे व्यक्तिगत निरोप. नवख्या लेखकाच्या पाठीवर थाप मारायची ती ‘पुलेशु’, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. लिहिलेलं मागे घेतलं की तिथे पाटी लागायची ‘प्रकाटाआ’: प्रतिसाद काढून टाकला आहे. टोमणा मारून झाला की ‘हघ्या’, म्हणजे हलके घ्या, किंवा इंग्रजी ‘लाइट’वर कोटी करून ‘दिवे घ्या’. उगाच लिहायचं म्हणून लिहिणारा ‘जिलब्या पाडतो’. फेसबुकचं ‘थोबाडपुस्तक’ झालं, त्याचं ‘थोपु’, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ‘कायप्पा’. हे शब्द सगळे देशी, पण ते पांढरपेशा वाचकांतच फिरले. ‘पुलेशु’ नाक्यावर कुणाला म्हणून पाहा!

ऑर्कुटचे शब्द तर त्याच्याबरोबरच गेले. २००४ मध्ये आलेलं ऑर्कुट हे फेसबुकसारखं संकेतस्थळ सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं आणि ‘स्क्रॅप टाकला का?’ म्हणजे तिथे कुणाच्या पानावर निरोप लिहिला का, हे आज विशीतल्या पोराला समजावून सांगावं लागतं.

खरी उलथापालथ झाली ती २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. डेटा स्वस्त झाला, फोनवर देवनागरी लिहिणं सोपं झालं होतंच, आणि जे आजवर फक्त बोलत होते ते लिहू लागले. कुणी बुलेटवर बसून फोटो टाकला की खाली ‘भावा, विषय हार्ड!’, ‘नाद खुळा’, ‘जाळ अन् धूर संगटच’, ‘वाढीव’. यात कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली ठासून भरलेली. इंग्रजीच्या आक्रमणाविरुद्ध कंबर कसून बसलेल्यांची इथे पंचाईत झाली. ‘संगट’ला परकं म्हणता येईना, म्हणून ‘गावठी’ म्हटलं गेलं. माझ्या मते, शुद्धतेच्या वादात शब्दाच्या कुळापेक्षा बोलणाऱ्याचं कूळच जास्त पाहिलं जातं, हे तिथे उघडं पडलं. असा धक्का छापील मराठीला पूर्वीही बसला होता. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाच त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले होते.

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, ही सगळी मंडळी इन्स्टाग्रामच्या रील्सकडे वळली आणि त्यांची बोलीही सोबत गेली.

सध्या कुरकुर आहे ती ‘रिझ’ (समोरच्याला भुरळ घालायची हातोटी), ‘स्ले’ (झकास करून दाखवणं), ‘ब्रेन रॉट’ (फुटकळ गोष्टी बघून डोकं सडणं) अशा शब्दांबद्दल. ऑक्सफर्डने २०२३ साठी ‘रिझ’ आणि २०२४ साठी ‘ब्रेन रॉट’ वर्षाचा शब्द म्हणून निवडला, की आपल्याकडे लगेच ‘आता काय राहिलं’ असा सूर लागतो. वर्षाचा शब्द म्हणजे त्या वर्षी काय बोललं गेलं याची नोंद; तो मानाचा किताब नव्हे. तसे हे शब्द अजून इंग्रजी माध्यमातल्या पोरांपुरतेच आहेत.

मराठीत मुरलेला शब्द ओळखायचा तर त्याचं व्याकरण पाहावं. ‘गुगलून बघ’ म्हणताना क्रियापद तयार झालेलं असतं. ‘पोस्ट’ स्त्रीलिंगी ठरली. ‘रील’ला तर घरचंच माणूस भेटलं: शिंप्याच्या दोऱ्याचं आणि सिनेमाचं रीळ आपल्याकडे आधीपासून होतं, त्यामुळे ‘दिवसभर रिळं बघत बसतो’ हे आजीच्या तोंडूनही सहज येतं. ‘मीम’चं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. कुणी ‘तो मीम’ म्हणतं, कुणी ‘ते मीम’, आणि दोन्ही छापूनही येतं.