वाइल्ड कार्ड सिरीज (मेजर लीग बेसबॉल)

वाइल्ड कार्ड सिरीज म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या प्लेऑफचा पहिला राउंड. तीन मॅचची छोटी सिरीज, ज्याने दोन जिंकल्या तो पुढे, दुसऱ्याचा सीझन तिथंच संपला. आत्ताचा फॉरमॅट 2022 पासूनचा आहे. त्याआधी 2012 ते 2021 (2020 सोडून) याच जागी एकच मॅच व्हायची, तिला वाइल्ड कार्ड गेम म्हणायचे, आणि जुने फॅन्स अजून त्या मॅचेसच्या आठवणी काढत बसतात. सहा महिने राबून टीम 162 मॅच खेळते आणि मग ऑक्टोबरच्या सुरवातीला दोन-तीन दिवसांत सगळ्याचा निकाल लागतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला अन्यायाचं वाटतं. पण हा राउंड मुद्दामच कठीण ठेवलाय. डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकायला जमली नाही तर त्याची किंमत मोजायला लावायची, हे त्याचं मूळ काम आणि हे लक्षात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप समजतात.

फॉरमॅट

अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग, प्रत्येकीत 15 टीम, आणि त्या ईस्ट, सेंट्रल, वेस्ट अशा पाच-पाचच्या तीन डिव्हिजनमध्ये वाटलेल्या. प्रत्येक लीगमधून सहा टीम प्लेऑफला जातात, तीन डिव्हिजन जिंकलेल्या आणि उरलेल्यांतून सगळ्यात जास्त मॅच जिंकलेल्या तीन, या तिघींना वाइल्ड कार्ड म्हणतात. डिव्हिजन जिंकलेल्यांतल्या वरच्या दोन टीमना बाय मिळतो, म्हणजे पहिला राउंड त्या खेळतच नाहीत. तिसरी डिव्हिजन विनर मात्र खेळते, तिचा नंबर तिसरा, आणि कधीकधी चौथ्या नंबरच्या वाइल्ड कार्डचे विजय तिच्यापेक्षा जास्त असतात तरी नंबर बदलत नाही. मग तिसरी विरुद्ध सहावी, चौथी विरुद्ध पाचवी. आयपीएल बघणाऱ्यांना एलिमिनेटर आठवेल, फरक एवढाच की आयपीएलमध्ये वरच्या दोन टीमना हरल्यावर अजून एक चान्स असतो आणि इथे त्यांना थेट सुट्टी मिळते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे तिन्ही मॅच वरच्या नंबरच्या टीमच्या घरच्या मैदानावर होतात, लागोपाठ तीन दिवस, मध्ये प्रवास नाही की विश्रांती नाही. खालच्या टीमला आपल्या प्रेक्षकांसमोर एकही मॅच मिळत नाही. जिंकणाऱ्या टीम पुढे डिव्हिजन सिरीजला जातात, ती पाच मॅचची. चौथी-पाचवीतली विजेती पहिल्या नंबरच्या टीमशी आणि तिसरी-सहावीतली दुसऱ्या नंबरशी खेळते, हे आधीच ठरलेलं असतं.

विजय सारखे झाले तर पूर्वी एक जादाची मॅच व्हायची, 163 वी. 2022 पासून ती बंद झाली, आता आपापसातल्या मॅचेसचा निकाल बघतात. याचा फटका पहिल्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सला बसला. अटलांटा ब्रेव्ह्स आणि मेट्स दोघांचे 101 विजय, पण आपापसात ब्रेव्ह्स 10-9 ने पुढे, आणि त्यातल्या शेवटच्या तीन मॅच तर सीझन संपता संपता अटलांटात झाल्या आणि मेट्स तिन्ही हरले. ब्रेव्ह्सला बाय मिळाला, 101 मॅच जिंकलेल्या मेट्सना वाइल्ड कार्ड सिरीज खेळावी लागली आणि ते सॅन डिएगो पॅड्रेसकडून घरच्या मैदानावर 2-1 ने हरले. शेवटच्या मॅचला पॅड्रेसचा पिचर (बॉल टाकणारा) जो मस्ग्रोव्ह, याने सात इनिंगमध्ये (मॅच नऊ इनिंगची) फक्त एक हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिला, मेट्सच्या मॅनेजरने त्याच्या कानाला काहीतरी चिकट लावलंय अशी शंका काढली, अंपायरने भर मैदानात कान तपासले, काही सापडलं नाही, आणि पॅड्रेस 6-0 ने जिंकले.

हे आलं कुठून

1968 पर्यंत प्लेऑफ असं काही नव्हतंच, प्रत्येक लीगमधली पहिली टीम थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन लीगमधल्या फायनलला. 1969 ला डिव्हिजन आल्या आणि लीग चॅम्पियनशिप सिरीज सुरू झाली. नंतर तीन-तीन डिव्हिजन झाल्यावर चौथी टीम हवी म्हणून वाइल्ड कार्ड आणलं, ते 1994 लाच सुरू व्हायचं होतं पण ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, त्यामुळे पहिली वाइल्ड कार्ड 1995 मध्ये मिळाली, न्यूयॉर्क यांकीज आणि कोलोराडो रॉकीज यांना. तेव्हा वाइल्ड कार्डला वेगळा राउंड नव्हता. डिव्हिजन जिंकली काय आणि दुसरे आले काय, पुढचा रस्ता जवळपास सारखाच, फरक पडायचा तो घरच्या एखाद्या मॅचचा. 1997 ला फ्लोरिडा मार्लिन्स वाइल्ड कार्डवरून येऊन चॅम्पियन झाले, मग 2002 ला अँजल्स, 2003 ला परत मार्लिन्स, 2004 ला बोस्टन रेड सॉक्स, 2011 ला सेंट लुई कार्डिनल्स. यात टीमची काहीच चूक नव्हती पण सहा महिन्यांच्या शर्यतीला काही अर्थ उरतोय का हा प्रश्न लोक विचारायला लागले होते, आणि तो रास्त होता.

म्हणून 2012 ला प्रत्येक लीगमध्ये दुसरं वाइल्ड कार्ड दिलं आणि दोघींमध्ये एकच मॅच ठेवली.

एका मॅचचा काळ

पहिल्याच दिवशी, 5 ऑक्टोबर 2012 ला, अटलांटात जे झालं त्यावर अजून वाद होतो. ब्रेव्ह्सचे 94 विजय, कार्डिनल्सचे 88, पण एका मॅचमध्ये त्या सहाला काही भाव नाही. आठव्या इनिंगला ब्रेव्ह्स 6-3 ने मागे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर (चार बेस पळून पूर्ण केले की एक रन), एक आउट. ब्रेव्ह्सच्या अँड्रेल्टन सिमन्सने बॉल उंच उडवला, तो लेफ्ट फिल्डच्या (मैदानाचा डावा, बाहेरचा भाग) अलीकडे पडणार होता, कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) पीट कोझ्मा मागे धावला, खाली उभा राहिला आणि ऐन वेळी बाजूला झाला, बॉल जमिनीवर. स्टेडियम उसळलं, तिन्ही बेस भरले असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात लेफ्ट फिल्डच्या अंपायरने, सॅम हॉलब्रुकने, इनफिल्ड फ्लाय दिला होता. हा नियम असा की बेसवर रनर असताना सोपा कॅच फिल्डरने मुद्दाम सोडून दोन-दोन जणांना आउट करू नये म्हणून बॅटरला बॉल पडण्याआधीच आउट ठरवायचं. नियम चांगलाच आहे, पण बॉल इनफिल्डच्या (बेसांजवळचं आतलं मैदान) इतका बाहेर असताना तो लावायचा का, यावर माझं स्पष्ट मत आहे की नाही. प्रेक्षकांनी बाटल्या आणि कचरा मैदानात फेकला, मॅच 19 मिनिटं थांबली, ब्रेव्ह्सने नोंदवलेला निषेध तिथल्या तिथे फेटाळला गेला. स्कोअर तोच राहिला, 6-3, आणि ब्रेव्ह्सच्या चिपर जोन्सच्या करिअरची ती शेवटची मॅच ठरली.

पण या फॉरमॅटने जे सगळ्यात भारी दिलं ते 30 सप्टेंबर 2014 ला कॅन्सस सिटीत. रॉयल्स 1985 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे 29 वर्षं त्या गावाने ऑक्टोबरमध्ये बेसबॉल बघितलाच नव्हता. समोर ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, त्यांचा पिचर जॉन लेस्टर. सहाव्या इनिंगला रॉयल्सचे मॅनेजर नेड योस्ट यांनी योर्डानो व्हेंचुराला आणलं, जो खरं तर स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर), आणि ओकलंडच्या ब्रँडन मॉसने त्याला तीन रनचा होम रन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारला, त्याचा त्या रात्रीतला दुसरा. घरच्या प्रेक्षकांनी योस्ट यांची हुर्यो उडवली. आठवी इनिंग सुरू झाली तेव्हा ओकलंड 7-3 ने पुढे होतं. मग रॉयल्स पळायला लागले, अक्षरशः. ओकलंडचा कॅचर (विकेटकीपरसारखा, चोरी रोखणारा) जिओव्हानी सोटो सुरवातीलाच अंगठा दुखावून बाहेर गेला होता आणि रॉयल्सने पूर्ण मॅचमध्ये सात बेस चोरले (पिचर बॉल टाकत असताना पुढच्या बेसकडे पळणं), सात वेगवेगळ्या खेळाडूंनी. आठव्यात तीन रन आले, 7-6. नवव्यात जॅरड डायसन पिंच रनर (बदली धावणारा) म्हणून आला, बंटवर (हलकेच टेकवलेला बॉल) दुसऱ्या बेसला गेला, तिसरा बेस चोरला आणि नोरी आओकीच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (कॅच होऊनही रन देणारा उंच बॉल) रन पूर्ण, 7-7. म्हणजे एक सिंगल (एका बेसचा हिट), एक बंट, एक चोरी आणि एक उंच बॉल, एवढ्यात बरोबरी. बाराव्या इनिंगला ओकलंडने परत आघाडी घेतली, रॉयल्सने परत बरोबरी केली, आणि शेवटी सॅल्व्हाडोर पेरेझने ऑफ स्टंपच्या बाहेरचा म्हणावा तसा दूरचा बॉल ओढून तिसऱ्या बेसच्या शेजारून काढला, 9-8. पेरेझ त्या रात्री त्याआधी एकदाही हिट मारू शकला नव्हता. तीच टीम पुढे वर्ल्ड सिरीजपर्यंत गेली आणि सातव्या मॅचला हरली, पुढच्या वर्षी चॅम्पियन झाली.

या फॉरमॅटचा क्रूरपणा बघायचा असेल तर पिट्सबर्ग पायरेट्स. 2015 ला नॅशनल लीग सेंट्रलमध्ये कार्डिनल्स 100, पायरेट्स 98, शिकागो कब्ज 97, अख्ख्या बेसबॉलमधल्या पहिल्या तीन टीम एकाच डिव्हिजनमध्ये. पायरेट्सनी 98 मॅच जिंकल्या आणि एका संध्याकाळी कब्जच्या जेक अ‍ॅरिएटाने त्यांना 4-0 ने घरी पाठवलं. आदल्या वर्षीही सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅडिसन बमगार्नरने त्यांना 8-0 असंच गुंडाळलं होतं. 2021 ला तर लॉस एंजेलिस डॉजर्सचे 106 विजय होते, पण सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे 107, म्हणून डॉजर्सना एका मॅचवर सीझन लावावा लागला, नवव्या इनिंगला ख्रिस टेलरने होम रन मारला म्हणून वाचले. आणि 2019 चे वॉशिंग्टन नॅशनल्स, मिलवॉकीविरुद्ध आठव्या इनिंगला 3-1 ने मागे, हुआन सोटोचा हिट राइट फिल्डरच्या ग्लोव्हखालून सुटला आणि तीन रन आले, 4-3. महिन्याच्या शेवटी तीच टीम वर्ल्ड चॅम्पियन.

तीन मॅचकडे

2020 ला कोरोनामुळे सीझन फक्त 60 मॅचचा झाला, म्हणून 16 टीम घेतल्या आणि पहिला राउंड तीन मॅचचा केला. नंतर एक वर्ष जुनी पद्धत आली आणि मालक आणि खेळाडूंच्या 2022 च्या करारात, 99 दिवसांच्या लॉकआउटनंतर (मालकांनी केलेली टाळेबंदी), 12 टीम आणि तीन मॅच हे पक्कं झालं. जास्त मॅच म्हणजे टीव्हीचे जास्त पैसे, हे कारण उघड आहे. पण खेळाच्या दृष्टीनेही मला हे जास्त बरोबर वाटतं, कारण बेसबॉलमध्ये पिचर रोज बदलतो. स्टार्टर पिचर साधारण पाचव्या दिवशी टाकतो. एका मॅचमध्ये सगळा भार एकाच हातावर. तीन मॅचला तीन स्टार्टर लागतात, शिवाय बुलपेनमधले रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे पिचर) लागोपाठ तीन दिवस सहसा टाकत नाहीत, त्यामुळे पहिल्या मॅचला कोणाला जाळायचं आणि कोणाला राखायचं हा हिशेब मॅनेजरला करावाच लागतो. आणि इथे पहिले दोन पिचर वापरले की ते पुढच्या सिरीजच्या पहिल्या मॅचला मिळत नाहीत. जिंकूनही टीम थोडी रिकामी होऊनच पुढे जाते, हीच ती किंमत.

तरी पहिला चान्स गमावलेल्याला परत यायला फारच कमी वेळ असतो. 2023 ला चारही सिरीज दोन मॅचमध्येच संपल्या. मिनेसोटा ट्विन्स तेव्हा प्लेऑफमधल्या लागोपाठ 18 पराभवांचं ओझं घेऊन उतरले होते, 2004 पासूनचं, ते टोरंटोविरुद्ध एकदाचं उतरलं. 2022 ला सिअ‍ॅटल मरिनर्स टोरंटोतच 8-1 ने मागे पडून 10-9 ने जिंकले, तर क्लीव्हलँड आणि टँपा बे यांची मॅच 15 व्या इनिंगपर्यंत 0-0 होती, ऑस्कर गोन्झालेझच्या होम रनने सुटली. 2024 ला मिलवॉकी ब्रुअर्सचा घास तोंडाशी आला होता, नवव्या इनिंगला 2-0 ने पुढे, त्यांचा क्लोजर (मॅच संपवायला येणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स मैदानात, आणि मेट्सच्या पीट अलोन्सोने राइट फिल्डला तीन रनचा होम रन मारला.

बायचा वाद

सुट्टी मिळालेल्या टीम पाच-सहा दिवस बसून गंजतात का, हा दर ऑक्टोबरचा विषय. 2022 ला 111 विजयांचे डॉजर्स आणि ब्रेव्ह्स पहिल्याच सिरीजला हरून बाहेर गेले, 2023 ला चारपैकी तीन बायवाले हरले आणि वर्ल्ड सिरीज झाली ती पाचव्या नंबरच्या टेक्सास रेंजर्स आणि सहाव्या नंबरच्या, फक्त 84 मॅच जिंकलेल्या अ‍ॅरिझोनामध्ये. पण 2024 आणि 2025 ला दरवेळी चारपैकी तीन बायवाले जिंकले. चार वर्षांत 16 पैकी 9, म्हणजे नाणेफेकीपेक्षा फार वेगळं नाही, आणि पाच मॅचच्या सिरीजमध्ये एवढी उलथापालथ होतेच. 2025 ला डॉजर्स तिसऱ्या नंबरवर होते, सिनसिनाटीला दोन मॅचमध्ये हरवून सुरवात केली आणि शेवटी चॅम्पियन झाले.

भारतातून बघायचं तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री 8 ला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते, दुपारी 1 ची रात्री साडेदहाला, त्यामुळे या राउंडचे दिवस आपल्याकडच्या फॅन्ससाठी जागरणाचे.

जपान आणि कोरिया

असाच राउंड इतर ठिकाणीही आहे. जपानमध्ये 2007 पासून क्लायमॅक्स सिरीजचा पहिला टप्पा असतो, दुसरी विरुद्ध तिसरी टीम, तीन मॅच, सगळ्या दुसऱ्या नंबरच्या घरी. तिसऱ्या नंबरवरून येऊन जपान सिरीज जिंकणं दोनदा झालंय, 2010 ला चिबा लोट्टे आणि 2024 ला योकोहामा डीएनए. कोरियात हे अजून कडक आहे, 2015 पासून चौथी आणि पाचवी टीम खेळते, पण चौथ्या टीमला एक विजय किंवा नुसती बरोबरी पुरते आणि पाचव्या टीमला दोन्ही मॅच जिंकाव्या लागतात, त्याही दुसऱ्याच्या मैदानावर. बरीच वर्षं हे कुणालाच जमलं नाही, 2024 ला केटी विझने डूसान बेअर्सना दोन्ही मॅचमध्ये हरवलं, तेव्हा पहिल्यांदा पाचवी टीम पुढे गेली.