घोडा लंगडायचा थांबला म्हणजे लॅमिनायटिस गेला असं नाही

लॅमिनायटिस म्हणजे घोड्याच्या खुरात हाड धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची सूज. त्यात सगळ्यात धोक्याची वेळ कुठली विचारलं तर बहुतेक जण पहिले दोन-तीन दिवस सांगतील. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा असतो, पाऊल उचलायला तयार नसतो, खुराला हात लावला तर गरम लागतो. ते बरोबरच आहे. पण तेवढीच वाईट वेळ पुढे महिन्या-दीड महिन्याने येते, जेव्हा घोडा पेनकिलरवर छान चालतोय, खायला मागतोय, डोळे चमकतायत आणि मालकाला वाटतं झालं बरं, चला एक चक्कर मारून आणू. नेमका इथे घोळ होतो.

का होतो ते कळायला खुराच्या आत बघावं लागेल. घोड्याच्या पायातलं शेवटचं हाड, कॉफिन बोन, खुराच्या कवचात नुसतं ठेवलेलं नसतं तर आतल्या भिंतीला टांगलेलं असतं. टांगणारे म्हणजे लॅमिने, एकेका खुरात साधारण 550 ते 600 उभ्या पातळ पट्ट्या, आणि त्या प्रत्येक पट्टीवर अजून दीडशे-दोनशे बारीक पट्ट्या, हाडाकडच्या आणि भिंतीकडच्या अशा एकमेकींत गुंतलेल्या. घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं म्हणून त्रास जास्त करून पुढेच दिसतो. दारात बोट चेमटल्यावर नखाखाली ठणका लागतो ना, सुजायला जागाच नसते, तसंच हे, फक्त घोड्याला त्याच नखावर उभं राहायचं असतं. त्यात मागून मोठा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाला ओढत असतो, त्यामुळे पट्ट्यांची पकड सुटली की हाडाचं टोक खाली तळव्याकडे झुकतं किंवा अख्खं हाडच खाली बसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ताणून सुटलेली पकड जागच्या जागी परत पहिल्यासारखी चिकटत नाही. खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात तिथून नवी भिंत घट्ट पकड घेऊन खाली उतरते आणि जुनी खराब भिंत हळूहळू खाली सरकून कापली जाते, एवढाच मार्ग आहे. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढचा भाग अख्खा बदलायला 9 ते 12 महिने. सुजेचं दुखणं काही आठवड्यांत कमी होऊ शकतं पण पायातलं काम वर्षभर चालू असतं. हे डोळ्यांनी बघता येतं. तीन-चार महिन्यांनी खूर बाजूने बघा, वरची दीड-एक इंच भिंत सरळ तीव्र उताराने येते आणि मग एका रेषेवर मोडल्यासारखी बाहेर पसरते. ती रेषा म्हणजे आजार कुठे झाला आणि बरं होणं कुठवर आलंय त्याचा हिशोब. खुरावरच्या कड्यांचं अंतर पुढे कमी आणि टाचेकडे जास्त असेल तर टाच वाढतीये पण पुढचा भाग मागे पडलाय असं समजायचं.

अमेरिकेतल्या बारबारो या शर्यतीच्या घोड्याची केस घोडेवाल्यांच्या अजून लक्षात असेल. 2006 ची केंटकी डर्बी शर्यत जिंकला, दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मागचा उजवा पाय मोडला. मोडलेलं हाड प्लेट आणि स्क्रू टाकून सावरत आणलं होतं, पण सगळं वजन चांगल्या डाव्या पायावर गेलं आणि जुलैत त्या पायाला लॅमिनायटिस झाला, खुराची जवळजवळ 80 टक्के भिंत काढावी लागली. मधे काही महिने चांगले गेले, लोकांना वाटलं सुटला. पण खूर हवा तसा परत आलाच नाही, शेवटी पुढच्या दोन्ही पायांनाही लॅमिनायटिस झाला आणि 29 जानेवारी 2007 ला त्याला शांत करावं लागलं. जगातले उत्तम डॉक्टर, पैशाला तोटा नाही, तरी खुराच्या वाढीचा वेग काही कुणाला वाढवता आला नाही.

बारबारोचं कारण वेगळं होतं, एका पायावर भार. कधी धान्याचं पोतं फोडून खाल्ल्याने किंवा घोडी व्यायल्यावर वार आत राहिल्यानेही होतो. पण आज सगळ्यात जास्त दिसतो तो इन्सुलिनचा लॅमिनायटिस. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या रक्तात इन्सुलिन मुद्दाम चढतं ठेवलं, साखर मात्र नॉर्मल ठेवली, तर 72 तासांच्या आत सगळ्यांना लॅमिनायटिस झाला. इन्सुलिन चढतं ते खाण्यातल्या साखर-स्टार्चने, म्हणून जाड मानेचा, अंगावर चरबी साठलेला घोडा असेल तर खुराची ट्रीटमेंट त्याच्या तोबऱ्यातून सुरू होते, नुसत्या नालबंदाकडून नाही.

आपल्याकडे इथेच अवघड जातं, कारण चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, बंद करणं म्हणजे घोड्यावर अन्याय असं तबेल्यात सगळ्यांनाच वाटतं. पण अशा घोड्याला ओट, मका, गव्हाचा कोंडा, गूळ, उसाचे वाढे, टुरिस्टची बिस्किटं हे सगळं बंद, यात वाटाघाटी नाही. मुख्य खाणं सुकं गवत, जाड घोड्याला वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 किलो, आणि ते अंदाजाने नाही, ताणकाट्यावर मोजून. साखर कमी करायला गवत पाण्यात भिजवतात, ते तपकिरी पाणी ओतून द्यायचं, घोड्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. थंड देशातले लोक रात्रभर भिजवतात, आपल्या उन्हाळ्यात तसं केलं तर गवत आंबतं, अर्धा-एक तास पुरे. भिजवल्याने खनिजंही जातात म्हणून मिनरल मिक्स्चर वरून द्यावं लागतं. आणि उलटी चूकही करू नका, वजन उतरवायला उपाशी ठेवलं तर पोनी आणि गाढवांत रक्तात एकदम चरबी सुटते आणि त्यात जनावर जाऊ शकतं.

घोडा पंधराच्या पुढचा असेल, उन्हाळ्यातही लांब केस गळत नसतील तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार, पीपीआयडी, तपासून घ्या. त्यावर पर्गोलाइडची गोळी आहे, ती चालू न करता नुसतं खाणं बदललं तर परत-परत अटॅक येत राहतात.

खुराच्या कामात एक्स-रे शिवाय नालबंदाला अंधारात तीर मारायला लावू नका. पुढचं टोक मागे घ्यायचं, म्हणजे पाऊल उचलताना भिंतीवर ओढ कमी पडते, टाच वाढली असेल तर बेताने उतरवायची, आणि तळव्याच्या मागच्या त्रिकोणी मऊ भागाला पॅडने आधार द्यायचा. दर चार-पाच आठवड्यांनी, दहा-बारा नाही. खाली वाळू किंवा लाकडाच्या भुशाचा जाड थर हवा, काँक्रीटवर दिवसभर उभा ठेवून बाकी कितीही केलं तरी सगळं पाण्यात.

मधेच एखाद्या दिवशी घोडा अचानक तीन पायांवर येईल. घाबरून जाऊ नका, बऱ्याचदा तो नवा अटॅक नसतो, आतलं मेलेलं टिश्यू पू होऊन बाहेर यायला बघतं. एकाच पायात जोरदार दुखणं आणि त्याच पायाची नाडी उडतीये, तर गळूचा संशय जास्त, दोन्ही पाय सारखे आणि गरम, तर खाणं परत तपासा. नाडी बघायला खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं हलकी ठेवायची. बऱ्या घोड्यात ती शोधावी लागते, बिघडलेल्यात बोटावर ठोके देते. रोज सकाळी बघितलं तर फरक आपोआप कळायला लागतो.

फिरवणं कधी? पेनकिलर बंद करून घोडा मऊ जमिनीवर चालताना आणि वळताना आखडत नाही, नवी भिंत निदान अर्ध्यावर आलीये, एक्स-रे मध्ये हाड स्थिर, तेव्हा हातात धरून चालवायला सुरुवात, तीही डॉक्टरला विचारून. बुटाझोनसारख्या पेनकिलरवर बरा दिसतोय म्हणून फिरवणं म्हणजे दुखणं झाकून नव्या कच्च्या पट्ट्यांवर ताण देणं.

चरायचं म्हणाल तर परदेशी सल्ले जसेच्या तसे उचलू नका. थंड हवेच्या गवतात फ्रुक्टन, म्हणजे एक प्रकारची साखर, साठतं, आपल्या मारवेलसारख्या गवतांत त्याऐवजी पानात स्टार्च साठतो, पण तोही इन्सुलिन चढवतोच. दुपारनंतर साखर-स्टार्च जास्त, पहाटे कमी, त्यामुळे सोडायचंच तर लवकर, थोडा वेळ आणि तोंडाला जाळी बांधून. पहिल्या पावसानंतरचं कोवळं हिरवं गवत तर नकोच. त्याआधी इन्सुलिनची टेस्ट करा आणि सोडायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा, काही घोड्यांना पुढे कायमचंच सुक्यावर ठेवावं लागतं.