दोन बस एकदमच का येतात?

नाशिकच्या कॉलेज रोडवरून शालिमारला जायचं तर अंतर दोन-तीन किलोमीटर. तरी निघताना हात गाडीच्या किल्लीकडेच जातो. त्याला आळशीपणा म्हणणं मला पटत नाही. बस पाच मिनिटांत येईल की पंचवीस, याचा भरवसा नसेल तर ज्याच्या दारात गाडी आहे तो ती काढणारच.

जुलै २०२१ पासून नाशिकमध्ये सिटीलिंक ही महापालिकेची शहर बससेवा धावते आहे. बस वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण रस्त्यावर आहेत त्या बस कशा अंतराने येतात, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

समजा, निमाणीहून नाशिकरोडला दर दहा मिनिटांनी बस सुटते. वेळापत्रक न बघता थांब्यावर आलेल्याला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. आता त्यातली एक बस द्वारका चौकात चार मिनिटं अडकली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. त्यांचं चढणं, तिकिटं, सुट्ट्या पैशांची शोधाशोध, यात बस आणखी मागे पडते. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र थांब्याथांब्यावर चारदोनच माणसं मिळतात, त्यामुळे ती भराभर पुढे सरकते. थोड्याच वेळात एक खचाखच भरलेली आणि तिच्या पाठीला लागून दुसरी जवळजवळ रिकामी, अशी जोडी दिसू लागते. चालक-वाहकांची यात काही चूक नसते. न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ मध्येच हे गणिताने मांडलं होतं: एकदा पडलेला उशीर आपोआप भरून निघत नाही, तो वाढत जातो.

त्याची किंमत बघा. दहा-दहा मिनिटांऐवजी बस १८ आणि २ मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, तर आपण थांब्यावर कधीही पोहोचलो तरी दहापैकी नऊ वेळा त्या १८ मिनिटांतच सापडतो. सरासरी वाट बघणं आठ मिनिटांच्या वर जातं. बस तेवढ्याच, इंधन तेवढंच, पण प्रवाशाचा वेळ दीडपटीहून जास्त!

आणि हा वैतागलेला माणूस गाडी काढतो ती नेमकी जवळच्या कामाला. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड इंजिनाची छोटी फेरी म्हणूनच किलोमीटरमागे जास्त विषारी पडते.

उपाय अवघड नाहीत. घाईत पुढे आलेल्या बसला ठरावीक थांब्यावर मिनिटभर रोखायचं. तिकीट चढण्याआधीच काढता यावं. सगळ्यात परिणामकारक म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका. अहमदाबादच्या जनमार्ग या जलद बससेवेला २००९ पासून ती आहे. चौकातली कोंडी बसला लागलीच नाही, तर उशिराची साखळी सुरूच होत नाही.

२०१५ च्या सिंहस्थात भाविकांच्या गाड्या शहराबाहेर थांबवून त्यांना बसने आत आणलं होतं. नाशिकला हे जमतं. २०२७ च्या तयारीत द्वारका ते नाशिकरोड एवढ्या पट्ट्यावर तरी बसला वेगळी मार्गिका आखून द्यावी, आणि पर्वण्या संपल्यावर ती पुसू नये.